भाव मिळवणं आणि भाव टिकवणं : ज्युनियर ब्रिजमन आणि आपलं पनवेल

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. गोष्ट अमेरिकेतल्या एका बास्केटबॉलपटूची आहे, तरी विषय आपल्या सातबाऱ्याचाच आहे.

११ मार्च २०२५ ला अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात ज्युनियर ब्रिजमन नावाचा माणूस वारला. वय ७१. आपल्याकडे बास्केटबॉल बघणारे मुळात कमी, त्यात मायकल जॉर्डनच्या आधीचा खेळाडू, म्हणजे नाव कुणाच्या कानावर नसणारच. एनबीए ही तिथली व्यावसायिक लीग. तिच्यात हा गडी बारा हंगाम खेळला. एका हंगामाचा त्याचा सगळ्यात मोठा पगार होता साधारण साडेतीन लाख डॉलर. आणि मेला तेव्हा त्याच्या संपत्तीचा अंदाज होता १४० कोटी डॉलर. हिशेब करून बघा. नुसत्या पगारावर तिथवर पोचायला त्याला चार हजार हंगाम खेळावं लागलं असतं, आणि तेही एक पैसा खर्च न करता.

आता दुसरं नाव घ्या, अँटोइन वॉकर. हाही एनबीएचाच, ब्रिजमनपेक्षा मोठा स्टार. २००६ मध्ये मायामीच्या संघातून विजेतेपदही मिळवलं. खेळातून एकूण कमाई दहा कोटी डॉलरच्या वर. २०१० मध्ये याच माणसाने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं सव्वा कोटी डॉलरच्या पुढे आणि मालमत्ता त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी.

लीग एकच, खेळ एकच, आणि ज्याला जास्त मिळालं तोच बुडाला. असं का झालं, हाच या पोस्टचा प्रश्न आहे. पनवेल-उरणच्या माणसाइतका हा प्रश्न दुसऱ्या कुणाला जवळचा वाटेल असं मला वाटत नाही.

आधी ब्रिजमनची गोष्ट नीट सांगतो.

जन्म १७ सप्टेंबर १९५३. गाव ईस्ट शिकागो, इंडियाना राज्यात. नावात शिकागो असलं तरी ही पोलाद कारखान्यांची कामगारवस्ती. बाप पोलाद कारखान्यात कामाला. १९७१ मध्ये त्याच्या शाळेच्या संघाने एकही सामना न हरता राज्याचं विजेतेपद जिंकलं. मग तो लुईव्हिल विद्यापीठात गेला, मानसशास्त्राची पदवी घेतली. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने त्याला निवडलं, पण लेकर्सकडून तो एकही सामना खेळला नाही. करीम अब्दुल-जब्बार हा त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू मिलवॉकीच्या बक्स संघात होता, तो लेकर्सला हवा होता. त्याच्या बदल्यात लेकर्सने चार खेळाडू दिले. त्या चारांतला एक ब्रिजमन.

म्हणजे एका मोठ्या माणसाच्या बदल्यात दिलेला चौथा हिस्सा, अशी त्याची सुरुवात.

मिलवॉकीत तो बहुतेक काळ 'सहावा' खेळाडू होता. बास्केटबॉलमध्ये मैदानात पाच जण उतरतात. सहावा बाकावर बसून सामना बघतो आणि गरज पडली की उतरतो. जाहिरातीत त्याचा फोटो नसतो, पण संघ त्याच्यावर चालतो. बक्सकडून ब्रिजमन ७११ सामने खेळला. हा क्लबचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला, मग यानिस आन्तेतोकुन्पोने तो मोडला. ब्रिजमनची दोन नंबरची जर्सी क्लबने १९८८ मध्ये कायमची निवृत्त केली. मधली दोन वर्षं लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे काढून, शेवटचा हंगाम परत मिलवॉकीत खेळून १९८७ मध्ये तो थांबला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

खेळाडूचं कसब फार लवकर मरतं. तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी गुडघे बोलायला लागतात आणि एका उन्हाळ्यात वीस वर्षं घासून मिळवलेली विद्या बाजारात शून्य किमतीची होते. तुम्ही अमुक अंतरावरून चेंडू जाळ्यात टाकू शकता, याचे पैसे कालपर्यंत मिळत होते. आजपासून मिळणार नाहीत. वय मात्र अजून चाळिशीच्याही आत, पुढे आयुष्य तेवढंच उरलेलं. हातात एक रक्कम असते आणि ती रक्कम वाढवण्याचं कुठलंच कसब नसतं. म्हणून २००९ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' मासिकाने जो अंदाज छापला तो खूप गाजला. निवृत्तीनंतर पाच वर्षांत एनबीएचे साधारण ६० टक्के खेळाडू कफल्लक होतात, असा तो अंदाज. आकड्यावर वाद होऊ शकतो. पण वॉकरसारखी उदाहरणं एक-दोन नाहीत.

आणि हे पैसे जातात कुठे? ऐका आणि ओळखीचं वाटतंय का बघा. गाड्या, घरं. नातेवाइकांची लग्नं, घरं, कर्जं. मित्राच्या मित्राने काढलेलं हॉटेल. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे जमीन-इमारतींच्या धंद्यात दुसऱ्याच्या शब्दावर टाकलेले पैसे. वॉकरचं मोठं नुकसान याच खड्ड्यात झालं. शिकागोमधल्या मालमत्तांच्या कर्जांना त्याने वैयक्तिक हमी दिली होती. २००८ ची मंदी आली, भाव पडले आणि बँका त्याच्या दारात उभ्या राहिल्या. सही त्याची, धंदा दुसऱ्याच्या डोक्यातला.

ब्रिजमनने काय वेगळं केलं याकडे वळण्याआधी त्याची आणखी एक बाजू सांगायला हवी. पैशाच्या गोष्टी सांगणारे लोक ती गाळतात.

१९८५ ते १९८८ या काळात ब्रिजमन एनबीएच्या खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. आपल्या भाषेत युनियन लीडर. या संघटनेचं जुनं भांडण असं होतं की खेळाडूला विकत घेणारा एकच. ज्या क्लबने तुमच्यावर हक्क सांगितला त्याच्याकडेच खेळायचं, करार संपला तरी मनाप्रमाणे दुसरीकडे जाता यायचं नाही. समोर दुसरा गिऱ्हाईक उभाच राहू शकत नसेल तर भाव कोण ठरवणार? घेणाराच. १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन या दिग्गजाने संघटनेचा अध्यक्ष म्हणून पहिला दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली, थोडी मोकळीक मिळाली. १९८७ मध्ये दुसरा दावा लागला, तो ब्रिजमनच्या नावाने. १९८८ मध्ये समझोता झाला आणि करार संपलेल्या अनुभवी खेळाडूंना पहिल्यांदाच कुठल्याही क्लबकडे मोकळेपणाने जाता यायला लागलं. पुढच्या काळात खेळाडूंचे पगार जे चढले त्यामागे या लढाईचा मोठा वाटा आहे.

खेळाडू म्हणून ब्रिजमनला त्यातून एक डॉलर मिळाला नाही. तो आधीच निवृत्त झाला होता. फायदा झाला पुढच्या पिढीला. त्या पिढीत पुढे वॉकरही आला.

आता आपल्याकडे या.

'विकत घेणारा एकच आणि भाव तोच ठरवणार', हे वाक्य आपल्या आजोबांना नवीन नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीकिनारा, सगळं. दुसऱ्या कुणाला विकायची सोय नाही, दर सरकारी. त्याविरुद्ध दि. बा. पाटील साहेबांनी लोकांना उभं केलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. नव्वदच्या दशकात ते अमलात आलं. विमानतळबाधितांसाठी तेच पुढे साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेलं.

मी दोन्ही लढायांची बरोबरी करत नाही. तिकडे कोर्टात वकील भांडत होते, इकडे माणसं गोळ्या झेलत होती. पण लढाईचा प्रकार एकच आहे. समोरचा एकटाच गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडून योग्य भाव मिळवायचा. ही लढाई एकट्याने होत नाही, तिला संघटना लागते, नेता लागतो, झेंडा लागतो. आपण ती लढलो आणि देशाला दाखवून दिलं. विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले ते त्या जाणिवेतूनच.

दुसरी लढाई मात्र मोर्चाने जिंकता येत नाही. मिळालेला भाव टिकवणं. त्यासाठी झेंडा नाही, घोषणा नाही, नेताही नाही. ती घराच्या आत लढायची असते. आणि ब्रिजमनची खरी गोष्ट इथून सुरू होते.

तो अजून खेळत होता, पगार येत होता, तेव्हाच त्याने 'वेंडीज' या हॅम्बर्गरच्या दुकानांच्या धंद्यात पाय टाकला. हंगाम संपला की सुट्टीत इतर खेळाडू फिरायला जायचे. हा वेंडीजच्या दुकानात जाऊन काम शिकायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मिलवॉकीतली पाच वेंडीज दुकानं घेतली. तिथेही मालक म्हणून केबिनमध्ये न बसता तो कामगारांबरोबर उभा राहिला.

हा फ्रँचायझीचा धंदा कसा चालतो ते दोन ओळीत सांगतो, म्हणजे उभं राहण्याचं महत्त्व कळेल. नाव कंपनीचं, पाककृती कंपनीची, भाव कंपनीच्या चौकटीतले. दुकान, यंत्रं, भाडं आणि माणसांचे पगार तुमचे. विक्रीतला ठरलेला हिस्सा कंपनीला आधी जातो, दुकान तोट्यात असलं तरी जातो. मग मालकाच्या हातात उरतं काय? फक्त तपशील. किती माल फुकट गेला, कुठल्या वेळेला किती माणसं कामावर हवीत, स्वच्छतागृह साफ आहे का, गल्ल्यावरचा पोरगा गिऱ्हाइकाशी नीट बोलतो का, आणि तो पोरगा सहा महिन्यांत सोडून जातो की टिकतो. नफा या बारीकसारीक गोष्टींत दडलेला असतो आणि त्या दुरून दिसत नाहीत. तळणीजवळ उभं राहिलं तरच दिसतात. सहाव्या खेळाडूसारखंच झालं ना? बाकावर बसून खेळ वाचणं हेच तर त्याने बारा वर्षं केलं होतं.

पाचाची दहा झाली, दहाची पन्नास. पुढे वेंडीजची १६० च्या वर आणि 'चिलीज' या हॉटेलांची १०० हून जास्त केंद्रं त्याच्याकडे होती. २०१६ च्या सुमारास त्याने ती विकायला काढली आणि वयाच्या साठीनंतर पुन्हा नवा धंदा शिकायला घेतला. २०१७ मध्ये कॅन्सस, मिसुरी, इलिनॉय भागात कोका-कोला बाटल्यांत भरण्याचा आणि वाटण्याचा धंदा, मग २०१८ मध्ये भागीदारीत कोका-कोलाचा कॅनडातला बॉटलिंगचा धंदा. २०२० मध्ये दिवाळखोरीत निघालेली 'एबनी' आणि 'जेट' ही कृष्णवर्णीय समाजाची जुनी मासिकं त्याने १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. आणि २०२४ मध्ये मिलवॉकी बक्स क्लबचे १० टक्के. ज्या क्लबने त्याला बदलीत चौथा म्हणून घेतलं होतं त्याच क्लबचा तो हिस्सेदार झाला.

तो एकटाच नाही. डेव्ह बिंग हा डेट्रॉइटचा खेळाडू, त्याच्याही आधीचा. पगार कमी, म्हणून खेळत असतानाच सुट्टीत बँकेत नोकरी करायचा. निवृत्तीनंतर थेट कारखाना काढला नाही, आधी एका पोलाद कंपनीत उमेदवारी केली. १९८० मध्ये स्वतःची 'बिंग स्टील' काढली आणि २००९ मध्ये डेट्रॉइटचा महापौर झाला. मॅजिक जॉन्सन तर सगळ्यांना माहीत आहे. १९९१ मध्ये एचआयव्हीमुळे त्याला खेळ सोडावा लागला. त्यानंतर जिथे मोठ्या कंपन्या जायला कचरत होत्या अशा कृष्णवर्णीय वस्त्यांत त्याने चित्रपटगृहं आणि स्टारबक्सची कॉफीची दुकानं काढली. या वस्त्यांतला माणूस पैसे खर्च करतो, फक्त त्याच्या दाराशी कुणी दुकान काढत नाही, हे त्याला आतून माहीत होतं. म्हणजे ज्ञान त्याच्या अंगणातलंच होतं.

तिघांत एक गोष्ट समान आहे. जुन्या कसबाची किंमत शून्य होण्याआधी किंवा झाल्याबरोबर, लाज न बाळगता, ते दुसरं कसब शिकायला बसले. पैसे गुंतवण्याआधी वेळ गुंतवला.

आता परत घरी येऊ. इथे मला एक गैरसमज खोडायचा आहे.

'आगरी-कोळ्यांना धंदा जमत नाही, पैसा आला की उडवतात', हे शहरातून आलेली मंडळी सहज बोलून जातात. हे साफ खोटं आहे. भातशेती हा धंदाच होता. बी कुठलं, खार जमिनीत पाणी कधी सोडायचं, कधी बांध घालायचा, हे गणित होतं. मिठागरात उन्हाचा आणि भरतीचा हिशेब होता. मासेमारीत तर रोजचा बाजारभाव, बर्फ, होडीची डागडुजी, उधारी, सगळा धंदाच. आपल्या आयाबहिणी पनवेलच्या मच्छी बाजारात जो भाव करतात तो बघितला तर व्यवस्थापन शिकवणारे गप्प बसतील. आणि पनवेल शहर व्यापाराचंच गाव आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये इथे धूतपापेश्वर सुरू केलं. ते वैद्य होते, औषध त्यांच्या हातातलं होतं, मग कारखाना आला. आधी काम, नंतर धंदा.

खरा प्रकार असा झाला की सरकारने जमिनीची किंमत दिली, पण त्या जमिनीबरोबर जे कसब मेलं त्याची किंमत कुणी दिली नाही. खार बांधायची विद्या भराव पडल्यावर काय कामाची? पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी एका दिवसात निवृत्त खेळाडू झाला. हातात रक्कम, मागे घर, पुढे तीस वर्षं आयुष्य, आणि बाजारात चालेल असं कसब नाही. त्याला 'उधळ्या' म्हणणं सोपं आहे. त्याच्याकडून जे गेलं ते मोजणं अवघड.

पण म्हणून आपली जबाबदारी संपत नाही, हेही तितकंच खरं. आपण सगळ्यांनी गावागावात काय बघितलंय ते प्रामाणिकपणे आठवा. भूखंडाचं पत्र हातात पडायच्या आधीच कुणाशी तरी साठेकरार झालेला. कुलमुखत्यारपत्रावर सही केली, त्यात काय लिहिलंय ते वाचलंच नाही. हळदीला लाखांचा खर्च, कारण शेजारच्या हळदीला तेवढा झाला होता. भावाभावांत वाटणीवरून कोर्ट, बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला लावणं. दारात मोठी गाडी, आणि तीच गाडी पाच वर्षांनी भाड्याने लावायला ड्रायव्हर शोधणं. आणि ज्या इमारतीत आपला भूखंड गेला त्याच इमारतीच्या गेटवर आपल्याच गावचा पोरगा सिक्युरिटीच्या गणवेशात उभा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. याच गावांतून माणसं उभी राहिली. कुणी एका डंपरपासून सुरुवात करून मुरुम-मातीचा पुरवठा केला, कुणी जेएनपीटी आल्यावर कंटेनर वाहतुकीत शिरला, कुणी मजूर पुरवण्याचे, बागकामाचे, सफाईचे ठेके घेतले. जे टिकले त्यांच्याकडे नीट बघा. बहुतेकांनी पहिली काही वर्षं डंपरच्या केबिनमध्ये किंवा साइटवर काढलेली दिसतील. डिझेल कुठे चोरीला जातं, टायर किती दिवस चालतो, बिल कुठल्या टेबलावर अडकतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. नुसतं नाव लावून, काम दुसऱ्याला देऊन, टक्केवारीवर बसणारे आले तसे गेले. ब्रिजमन आणि वॉकर दोघेही आपल्याच गावात राहतात, फक्त नावं वेगळी.

आज हे का लिहितोय?

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा दहा गावांच्या जमिनीवरून ती उडतायत. केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली २००७ मध्ये, पायाभरणी २०१८ मध्ये, उड्डाण २०२५ मध्ये. म्हणजे अठरा वर्षं. खेळाडूच्या भाषेत ही अठरा वर्षं म्हणजे सुट्टीचा हंगाम होता. या काळात विमानतळावर लागणारी कामं कुठली, कार्गो कसा हाताळतात, विमानातलं जेवण कुठल्या स्वयंपाकघरात आणि कुठल्या नियमांनी बनतं, हॉटेलांची धुलाई कोण करतं, शीतगृह कसं चालतं, हे शिकायला आपली किती पोरं गेली? काही गेली, त्यांना सलाम. पण आपल्या सभांमध्ये नोकरीत किती टक्के आरक्षण यावर जेवढा वेळ गेला, त्याच्या दहावा हिस्सा तरी यावर गेला का? नोकरीत हक्क मागायलाच हवा, तो पहिल्या लढाईचा भाग आहे. पण दुसरीची तयारी कोण करणार?

आणि गोष्ट संपलेली नाही. 'नैना'ची गावं अजून सुट्टीच्या हंगामात आहेत. तिथे नगररचना योजनेत मूळ मालकाला ४० टक्के भूखंड परत देण्याची पद्धत आहे. त्याला गावागावांत विरोध आहे, तो आपल्या जागी रास्त आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. पण ४० मिळो नाहीतर उद्या भांडून जास्त मिळो, मिळाल्यानंतरचा प्रश्न तोच राहणार.

हेच आता आपल्या खेळाडू पोरांनाही लागू झालंय. रायगडात कबड्डी म्हणजे जीव की प्राण. पूर्वी चांगल्या खेळाडूला रेल्वेत, बँकेत, पोलिसांत नोकरी लागायची आणि जन्माची सोय व्हायची. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि हिशेब बदलला. आपल्या महाराष्ट्राचा, चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामात ३६ लाखांच्या आसपास बोलीवर खेळला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. अभिमानाची गोष्ट. पण लिलावाचा पैसा पेन्शन देत नाही. गुडघा गेला की बोली थांबते. उद्या आपल्या तालुक्यातल्या एखाद्या पोराला अशी बोली लागली तर त्याच्या सत्काराला बॅनर लावायला शंभर जण येतील. त्याला सुट्टीत काम शिकायला पाठवणारा एक तरी असावा.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेची गोष्ट वेगळी, तिकडे बाजार मोठा, बँका कर्ज देतात, ब्रिजमनला नशिबानेही साथ दिली. बरोबर आहे. शंभर जणांनी त्याच्यासारखं केलं तर शंभर जण अब्जाधीश होणार नाहीत. माझंही म्हणणं तेवढं मोठं नाही. माझं म्हणणं एवढंच की त्याच्यासारखं करणारा कफल्लक होण्याची शक्यता फार कमी. ज्याने वर्षभर एखाद्या दुकानात, गॅरेजमध्ये, वेअरहाऊसमध्ये हाताने काम केलंय, त्याला त्या धंद्यात कुणी सहजासहजी टोपी घालू शकत नाही. आणि अब्जाधीश व्हायचंय कुणाला? भूखंड नातवाच्या नावावर राहिला तरी आपल्यासाठी ते विजेतेपदच आहे.

म्हणून मोजक्या गोष्टी सुचवतो. पटल्या तर घ्या.

एक, भूखंडाचा व्यवहार करायच्या आधी वर्षभर थांबा आणि त्या वर्षात घरातल्या एका तरी माणसाला, मुलगा असो वा मुलगी वा सून, ज्या धंद्यात पैसे टाकायचेत त्या धंद्यात दुसऱ्याकडे नोकरी करायला लावा. कमी पगारावर असली तरी चालेल.

दोन, सगळाच्या सगळा भूखंड विकू नका. भाडं देणारा एक तरी गाळा स्वतःकडे ठेवा.

तीन, दुसऱ्याच्या कर्जाला हमी देऊ नका, मग तो सख्खा असला तरी. वॉकरला विचारा.

चार, कागद आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. बिल्डरने दिलेला वकील बिल्डरचा असतो.

पाच, ग्रामपंचायतींनी, मंडळांनी, क्रीडा क्लबांनी गावातल्या टिकलेल्या व्यावसायिकांना बोलवून पोरांसमोर बसवावं. भाषणं नकोत. तोटा कुठे झाला तेवढंच सांगायला लावा.

दि. बां.नी आणि त्या पाच हुतात्म्यांनी आपल्याला भाव मिळवून दिला. तो भाव आपण कसा सांभाळला, हे पुढच्या पिढीला बघायला कुठलाही पुतळा लागणार नाही. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्डावरची नावं पुरेशी आहेत.

तुमच्या गावात 'ब्रिजमन' कोण आहे? ज्याने आधी काम शिकलं, मग धंदा उभारला आणि आजही टिकवलाय, असा माणूस माहीत असेल तर कमेंटमध्ये त्याचा धंदा आणि गाव लिहा. बुडालेल्यांची नावं कृपया लिहू नका, त्यांच्या घरी आधीच पुरेसं झालंय. आणि ज्याच्या हातात उद्या पैसे येणार आहेत त्याला ही पोस्ट वाचायला द्या.